सुलतानाचं वकीलपत्र

दिल्लीची राजधानी उचलून देवगिरीला आणणाऱ्या त्या सुलतानाचं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात ते यायचं तेव्हा मी ओळीवर बोट ठेवून वाचायची, आणि नावापाशी आले की ते न उच्चारता पुढं सरकायची. आजही मी ते लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि ज्यांना नाही त्यांचं काही अडत नाही. हे प्रकरण त्या सुलतानाचं नाहीच. ते माझ्या वडिलांचं आहे, आणि ज्यांनी त्यांना भर मंडपात सुलतान करून ठेवलं त्या अण्णासाहेब वकिलांचं आहे. आता दोघंही नाहीत. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण वकिलांबद्दल मी ते जिवंत असताना, त्यांच्या तोंडावर बोलले होते, तेव्हा आता सोवळं पाळण्यात काही अर्थ नाही.

अब्बा आधी दौंडला रेल्वेत फायरमन होते, इंजनात कोळसा टाकायचे. यार्डाला लागून आमचं क्वार्टर होतं. दिवसभर डबे एकमेकांवर आदळायचे आणि त्यासरशी फळीवरची भांडी किणकिणायची. पाहुणे दचकायचे, आम्हाला मात्र कधी शांतता झाली की चुकल्यासारखं वाटायचं. अब्बा ड्यूटीवरून आले की त्यांचे फक्त डोळे आणि दात पांढरे दिसायचे. कोळसा सगळ्यात होता. अम्मीनं उन्हाळ्यात कुरडया वाळत घातल्या की संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर तीळ पेरल्यासारखी काळी भुकटी बसायची. ती एकेक कुरडई पदरानं पुसून डब्यात भरायची, आणि तळल्यावर तरीही दाताखाली कचकच लागायची. तोच कोळसा तिच्या छातीत बसला. थंडीत तिला आडवं होता येत नसे. गोधड्यांच्या ढिगाला टेकून ती रात्र काढायची आणि तिच्या श्वासाची शिट्टी आम्हाला झोपेत ऐकू यायची. डॉक्टरांनी अब्बांना बाजूला घेऊन सांगितलं, की या धुरातून बाईला हलवा, औषधानं भागायचं नाही.

अब्बांचे थोरले भाऊ राहू गावात शेती करायचे. त्यांनी गुऱ्हाळावर सगळ्यांना बसवून निकाल दिला, की बायकोला निमोण्याला माहेरी पाठव, नोकरी सोडू नकोस, पक्की नोकरी काय झाडाला लागते. अब्बांनी गरम गूळ खाल्ला, हात धुतले आणि दौंडला येऊन राजीनामा दिला. विचारेल त्याला ते एकच सांगायचे, की इंजनाचा कंटाळा आला. खरं कारण सांगितलं असतं तर आयुष्यभर लोकांनी अम्मीला ऐकवलं असतं, की हिच्यापायी नवऱ्यानं नोकरी घालवली. ते त्यांना नको होतं. मलाही त्यांनी तेव्हाच बजावलं होतं, की हे उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. नोकरी गेल्याबद्दल नवऱ्याला येडा म्हटलं तर चालतं, बायकोला अवदसा म्हटलेलं चालत नाही, एवढाच त्यांचा हिशेब. म्हणून ते येडे झाले.

आम्ही गुळाच्या ट्रकमधून शिरूरला आलो. घोडनदीकाठच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या आणि एस.टी. स्टँडच्या रस्त्यावर अब्बांनी सायकलींचं दुकान टाकलं. तासावर सायकली भाड्यानं द्यायच्या आणि पंक्चर काढायचं. शिरूरला रेल्वे नाही. पण अब्बा हातातला पाना थांबवून मधेच म्हणायचे, आता पॅसेंजर आली बघ सिग्नलला. मग मान हलवून पुन्हा कामाला लागायचे. तेवढंच. बाकी त्यांनी दौंडचं कधी काही काढलं नाही. अम्मीला नदीवरचा वारा मानवला. पहिल्याच उन्हाळ्यात तिच्या कुरडया पांढऱ्याशुभ्र झाल्या आणि तिनं ताटभर तळून सगळ्या गल्लीत वाटल्या. लोकांना कळेना की कुरडयांचा एवढा आनंद कशासाठी. निमोण्याहून पार्वतामावशी बाजाराला यायची तेव्हा अम्मी हुलग्याची शेंगोळी करायची. मावशी अम्मीच्या माहेरची शेजारीण. तिच्या सासऱ्यापर्यंत त्यांच्याकडे मेंढरं होती, मग शेती आली आणि मावशी पाटीभर मेथी-कोथिंबीर डोक्यावर घेऊन बाजार करू लागली. बाजारात उशीर झाला की ती आमच्याकडेच मुक्कामाला राहायची.

आमच्या दुकानात पंक्चर निघेपर्यंत गिऱ्हाईकाला दुसरा उद्योग नसे. अब्बा घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत बसायचे आणि बाकावरची मंडळी इतिहास दुरुस्त करायची. सगळ्यात मोठी चूक कुणी केली, यावर तिथं रोज भांडण. पानिपतावर बायकापोरं आणि यात्रेकरू बरोबर नेले ही चूक, की उपाशी फौज घेऊन लढले ही चूक, की पावसाळ्यात यमुनेअलीकडे थांबले ही? आमच्या बाकावर बसून पानिपत जिंकलेली निदान पन्नास माणसं मी पाहिली आहेत. त्यातल्या एकालाही स्वतःच्या सायकलीची चेन बसवता येत नव्हती. या सगळ्यांचे म्होरके अण्णासाहेब वकील. बारीक मिशी, काळा कोट, आणि सायकलच्या कॅरिअरला बांधलेली छत्री. ते बोलायला लागले की बाकीचे गप्प बसत, कारण गावच्या कमिटीत त्यांचाच शब्द चालायचा. मलाही ते तेव्हा फार हुशार वाटायचे. त्यांचं वाक्य मी घरी जाऊन म्हणून बघायची.

गणपतीत आमच्या पेठेच्या मंडळाचं अभिरूप न्यायालय व्हायचं. इतिहासातल्या एखाद्या माणसाला आरोपी करायचं, एकानं फिर्याद मांडायची, दुसऱ्यानं बचाव करायचा, हेडमास्तर न्यायाधीश. त्या वर्षी विषय निघाला राजधानी हलवणाऱ्या सुलतानाचा, आणि मंडळाची पोरं दुकानात येऊन अब्बांना म्हणाली, मामा, तुम्हीच व्हा, तुम्हाला दाढी आहे. मंडळाला पेट्रोमॅक्सचा पंप अब्बाच दुरुस्त करून द्यायचे, आरतीलाही कोपऱ्यात उभे असायचे, त्यांना नाही म्हणणं जमलं नाही. अम्मीनं स्वतःची शाल काढून दिली. पुठ्ठ्याच्या मुकुटाला सोनेरी कागद मी चिकटवला. आरती झाल्या झाल्या न्यायालय भरलं. अम्मी बायकांच्या बाजूला पुढं बसली होती, आणि तिला नवऱ्याचं कौतुक होतं, हे मला तिच्या बसण्यावरूनच दिसत होतं.

फिर्याद वकिलांची. सुरुवातीला त्यांनी सुलतानाचीच चिरफाड केली, लोक हसले, अब्बाही मुकुट सावरत हसले. मग वकील थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, न्यायाधीश महाराज, या आरोपीचा हा पहिलाच गुन्हा नव्हे. यानं आधी दौंडची राजधानी मोडली आहे. पक्की नोकरी, सरकारी क्वार्टर, फुकटचा पास हे सगळं सोडून हा इसम घोडनदीला आला, आणि कशासाठी, तर पंक्चर काढायला. मंडप खदखदला. वकील अब्बांकडे वळले.

"सांग, आरोपी. का सोडलीस दौंडची गादी?"

अब्बांनी एकदा बायकांच्या बाजूला पाहिलं. मला वाटतं त्यांना उठून जायचं होतं. पण उठले असते तर कारण आहे हे कळलं असतं.

"कंटाळा आला, साहेब."

पत्र्यावर गारा पडाव्यात तसं हसू कोसळलं. वकिलांनी दोन्ही हात पसरून म्हटलं, की माझी फिर्याद पुरी झाली. हेडमास्तरांनी आरोपीला जन्मभर तोच मुकुट घालण्याची शिक्षा फर्मावली, आणि लोकांनी ती अंमलात आणली. दुसऱ्या दिवसापासून आमचं दुकान सुलतानाचं दुकान झालं. शाळेत मी सुलतानाची पोरगी. गिऱ्हाईक हवा भरता भरता विचारायचं, काय सुलतान, आता राजधानी कुठं नेता? अब्बा हसायचे. अम्मी मात्र त्या संध्याकाळी मधूनच उठून घरी आली होती आणि शिरूरला आल्यापासून पहिल्यांदा तिला ती जुनी धाप लागली. ती रडत रडत अब्बांना म्हणाली, की सांगून टाका आता, माझ्यापायी सोडली म्हणून सांगा. अब्बा तिची पाठ चोळत राहिले. "सांगून काय व्हनार हाय? मला हसत्यात तवर बरं हाय. तुला हसलेलं मला न्हाई चालायचं."

वकिलांना कारण माहीत नव्हतं, म्हणून त्यांचा दोष नाही, असं अब्बांचं म्हणणं. मला ते तेव्हा पटलं नाही आणि आज माझी नातवंडं समजावतात तरी पटत नाही. ज्याला माहीत नाही त्यानं चारशे माणसांसमोर विचारायचं नसतं. मी सूड घ्यायचं ठरवलं. हा शब्द मी तेव्हाही मनात असाच सरळ वापरला होता. अडचण एवढीच होती की खरं सांगून सूड घेता येत नव्हता, कारण खऱ्यावर अम्मीचं नाव होतं. एकदा वकिलांची सायकल दुकानासमोर उभी असताना माझ्या हातात बाभळीचा काटा होता. मी चाकापाशी बसलेही. पण काट्यानं त्यांच्या एका चाकाची हवा गेली असती, आणि अब्बांना ते पंक्चर काढावं लागलं असतं. मला त्यांची सगळीच हवा काढायची होती. मी काटा टाकून दिला.

मग मी इतिहास वाचू लागले. आमच्या इतिहासाच्या बाईंना विचारलं, की सुलतानानं राजधानी हलवली तरी का? त्या म्हणाल्या, की राज्य दक्षिणेत वाढलं होतं, देवगिरी मध्यावर पडत होती, उत्तरेच्या हल्ल्यांपासून लांब होती. निर्णय अगदीच वेडा नव्हता. वेडेपणा झाला तो माणसं हाकण्यात. स्वतः आणि दरबार हलवायचा सोडून त्यानं दिल्लीच्या लोकांना घरदार सोडून चालायला लावलं, आणि मग परत चालायला लावलं. बाई हे सहज सांगत होत्या, मी मात्र जागच्या जागी ताठ झाले. कारण मला बाजार आठवला.

आदल्या हिवाळ्यात शिरूरचा आठवडे बाजार नदीकाठच्या लिंबांखालून उठवून वकिलांच्या घरासमोरच्या माळावर नेला होता. गावाला शिस्त लागेल, असं वकिलांनी कमिटीत पटवलं होतं. त्यांच्या भावाचं तिथंच किराणा दुकान होतं, हे सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. माळावर ना झाड, ना पाणी. बाया पाट्या घेऊन अख्खं गाव ओलांडायच्या आणि दुपारी त्यांची भाजी मान टाकायची. उन्हाळा संपायच्या आत बाजार आपोआप नदीकाठी परतला. निर्णय चुकला असं कुणी म्हणालं नाही. वकील म्हणाले, प्रयोग होता. मोठ्यांची चूक असली की तिला प्रयोग म्हणतात, आणि फायरमननं नोकरी सोडली की त्याच्यावर खटला भरतात. मी पार्वतामावशीला शेंगोळी वाढताना विचारलं, की मावशी, माळावरचा बाजार आठवतो का? तिनं घास खाली ठेवला आणि वकिलांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेव्हाच मला माझा साक्षीदार मिळाला.

पुढच्या गणपतीत लोकाग्रहास्तव तोच खटला पुन्हा ठरला. बचावाला कुणी मिळेना, कारण सुलतानाचा वकील हरणार हे ठरलेलं. मंडळाची पोरं दुकानात येऊन हे सांगत होती आणि वकील बाकावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसत म्हणाले, "आरोपीची मुलगी आहे की घरचीच. द्या तिलाच वकीलपत्र. मॅट्रिकच्या वर्षाला आहे, मजा येईल." अब्बा नको म्हणेपर्यंत मी हो म्हणून टाकलं. पानिपत सोडा, देवगिरी सोडा. शिरूरच्या इतिहासातली सगळ्यात मोठी चूक माझ्या डोळ्यांसमोर, आमच्याच बाकावर, चहाचा कप हातात धरून झाली.

त्या संध्याकाळी अम्मी मंडपात आली नाही. आदल्या वर्षीच तिनं शपथ घेतली होती. अब्बा पुन्हा शाल आणि मुकुट घालून उभे राहिले, कारण शब्द दिला होता. वकिलांनी जुनीच फिर्याद नव्या मिठामिरचीनं मांडली, दौंडची गादीही आणली, आणि लोक आधीच पाठ असलेल्या जागांवर हसले. मी उठले ती भीत भीतच. पण आवाज कर्ण्यातून बाहेर पडला तो मलाच अनोळखी वाटला, आणि मग माझी भीती गेली. मी सुलतानाचं कारण सांगितलं. मध्यावरची जागा, उत्तरेचे हल्ले. लोक जांभया देऊ लागले. मग मी म्हणाले, की सुलतानानं ज्यांना चालवलं त्यातली एक बाई साक्षीला आली आहे, आणि पार्वतामावशीला हात धरून पुढं आणलं. लोकांना वाटलं सोंग आहे. मावशीला सोंग येत नव्हतं.

"बाई, तुम्हाला घरदार सोडून कुठं नेलं?" मी विचारलं.

"माळावर," मावशी म्हणाली. "ना झाड, ना पानी. माझी मेथी दुपारपातुर गवत व्हायची. शेळ्यास्नी घालायची आन् मोकळी पाटी घिऊन निमोण्याला जायाचं."

मंडपात कुणीतरी खाकरलं. बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली.

"कुणी नेलं?"

मावशीनं पदर दातात धरला. "आता नाव कसं घ्यावं, बाई? समोरच बसल्यात."

मग बायकांच्या बाजूनं हसू उठलं, आणि ते आदल्या वर्षीच्या हसण्यासारखं नव्हतं. त्यात माळावर सुकलेली सगळी भाजी होती. वकील उठून म्हणाले, की हे विषयाला सोडून आहे, पण हेडमास्तर रुमालात तोंड लपवून बसले होते. मी त्यांच्याकडे वळले आणि वर्षभर घोटलेलं वाक्य म्हणाले.

"न्यायाधीश महाराज, माझ्या आरोपीनं एकच घर हलवलं, ते स्वतःचं. त्याचं सामान त्यानं स्वतः उचललं. दुसऱ्या कुणाला एक पाऊल चालायला लावलं नाही. ज्यानं सगळा बाजार उन्हात चालवला, तो फिर्यादीच्या खुर्चीत बसलाय. हा मुकुट त्याचा आहे, त्याला द्या."

पुरुषांच्या बाजूनंही मग "द्या, द्या" सुरू झालं. वकिलांच्या चेहऱ्यावरचा रंग मी डोळे भरून पाहिला. आजही जेवण गेलं नाही की मी तो आठवते. ते छत्री विसरून मंडपातून निघून गेले. अब्बांनी मुकुट काढला, घडी घातली आणि शालीत दाबून धरला, म्हणजे कुणी हिसकावून नेऊ नये. घरी येताना ते फक्त एवढंच म्हणाले, "माणसाला एवढं बी सोलू न्हाई, लेकी." मी म्हणाले, त्यांनी तुम्हाला सोललं तेव्हा? ते म्हणाले, "मला कुठं लागलं?" पण ते खोटं होतं. वर्षभर मी त्यांना एकटे असताना पाहिलं होतं.

नाव एका रात्रीत हललं. सुलतानाचं दुकान पुन्हा सायकलचं दुकान झालं आणि वकिलांच्या घरासमोरच्या माळाला लोक दौलताबाद म्हणू लागले. पुढच्या कमिटीत वकील आले नाहीत. त्यांची सायकल पंक्चर झाली की ते ती हातानं ढकलत आमच्या दारावरून, भर उन्हात, वेशीकडच्या दुसऱ्या दुकानात न्यायचे. अब्बा बाहेर येऊन "साहेब, या की" म्हणायचे. मी आत स्टुलावर बसून ते चाक किती वेळ घरंगळतंय ते ऐकायची, आणि मला फार बरं वाटायचं. आता त्या माळावर बंगले झालेत, वकिलांच्या नातवंडांचाही एक आहे, आणि पाटीवर कसलंसं नगर लिहिलंय. पण शिरूरला गेले की स्टँडवर मी रिक्षावाल्याला दौलताबाद म्हणूनच सांगते. तिथं माझं काही काम नसतं. कुणी म्हातारा रिक्षावाला असला तर न विचारता नेतो, आणि त्या दिवशीचं भाडं मला कधी जड जात नाही.

त्या संध्याकाळी आम्ही घरी आलो तेव्हा अम्मी चुलीपाशी बसून कुरडया तळत होती. सणवार नव्हता, पाहुणे नव्हते. तिनं आमच्याकडे पाहिलं नाही, काही विचारलं नाही. अब्बा हातपाय धुवायला मागच्या दारी गेले आणि ती झाऱ्या तसाच धरून हळूच म्हणाली, "कर्ण्यातून समदं आलं हितवर. पन शेवटचं नीट न्हाई ऐकू आलं. मुकुट कुनाला द्या म्हनलीस?" तिला ऐकू आलं होतं, हे मला समजत होतं. मी ते वाक्य पुन्हा म्हटलं. ती म्हणाली, आणखी एकदा. मी पुन्हा म्हटलं. मग तिनं पदर तोंडावर दाबला आणि हसू लागली. हसता हसता तिला धाप लागली, छातीतली ती शिट्टी वाजू लागली, कुरडई तेलात काळी पडली. मी घाबरून पाठ चोळायला धावले, तर तिनं माझा हात झटकला आणि श्वास ओढत ओढत म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. ही लागू दे. तू म्हन परत."